पंचांगाशेजारी भरती-ओहोटीची वेळ पण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या सुट्टीत कुठे जाल म्हणून दोन पानं आली होती, आम्ही बडोद्यात बसून तुमचा पेपर ऑनलाईन वाचतो त्यामुळे झूम करून करून सगळी वाचली. समुद्रकिनाऱ्यांचा भाग छानच होता, दीव, सोमनाथ, द्वारका, शिवराजपूर, कुठे राहायचं, रूमचा रेट काय, मासे कुठे चांगले मिळतात, उंटावर बसायला मिळतं का, पार्किंग आहे का, सगळं सगळं दिलंय. फक्त एकच गोष्ट नाही. पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं. अहो समुद्रावर जायचं आणि भरती कधी ते बघायचं नाही म्हणजे लग्नाला निघायचं आणि मुहूर्त विचारायचा नाही असलं झालं. ज्यांना नुसतं वाळूत बसून भेळ खायचीय त्यांना काही फरक पडत नाही, खुशाल जावं, पण आमच्यासारखी जी घरं मुलांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन पक्षी आणि किनाऱ्यावरचे जीव बघायला जातात त्यांचा अख्खा दिवस त्या एका वेळेवर असतो आणि ती कुठल्याच मराठी पेपरात सापडत नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण मागणी तेवढी कापू नका.

आधी एक सांगते, बडोदेकर आणि समुद्र म्हटलं की मुंबईकडच्या नातेवाईकांना हसू येतं, तुमच्याकडे विश्वामित्री आणि तिच्यातल्या मगरी, समुद्र कुठून आणलात! पण कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये जो निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सत्तर फुटांच्या वर लांब, तो १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला, आणि तो म्हणे पिल्लू. बडोद्यातलं प्रत्येक मराठी मूल समुद्र बघायच्या आधी हा देवमासा बघतं. आणि संस्थानच्या काळात तर ओखामंडळ, म्हणजे द्वारका-बेट-ओखा हा सगळा किनारा गायकवाडांकडेच होता, सयाजीराव महाराजांनी जेम्स हॉर्नेल नावाच्या साहेबाला बोलावून तिथल्या समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करून घेतला, त्याचा रिपोर्ट १९०९ मध्ये छापला गेला. त्या काळी कुठल्या राजाला समुद्रकाकड्या आणि कालवांची पडली होती सांगा. तेव्हा समुद्र आमचा पण आहे, जरा लांब आहे एवढंच.

आता शरद ऋतूतच का, उन्हाळ्यात का नाही. उन्हाळ्यात जाऊन बघा, किनारा रिकामा असतो. हे बहुतेक पक्षी उत्तरेकडे, सायबेरिया, मध्य आशिया, काही तर अगदी आर्क्टिकपर्यंत जाऊन अंडी घालतात आणि ऑगस्टपासून परत यायला लागतात, नवरात्र-दिवाळीपर्यंत आपला किनारा भरलेला असतो. पाऊस संपलेला, हवा धुतल्यासारखी, धुळीचा थर अजून चढलेला नाही, ऊन पण सोसवतं. आणि गुजरातमधल्या शाळांना दिवाळीची २१ दिवस सुट्टी. पाडव्यापासून लाभपाचमपर्यंत तर बाजारच बंद असतो, दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळं बडोदं फिरायला गेलेलं असतं, तेव्हा आम्हीही थेपल्यांचा डबा भरून निघतो.

मुलीला मी लहानपणी एक गोष्ट सांगितली होती ती तिला अजून आवडते. यातल्या बऱ्याच तुतवारांमध्ये, म्हणजे चिखलात चोच खुपसणाऱ्या सँडपायपर पक्ष्यांमध्ये, आईबाप आधी निघून येतात आणि पिल्लं मागाहून, आपली आपण. कुणी वाट दाखवायला नाही, पहिलीच खेप, आणि तरी हजारो किलोमीटरवरून नेमकी येऊन पोचतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तर एका पाणटिवळ्याच्या, म्हणजे गॉडविटच्या, काही महिन्यांच्याच पिल्लाने अलास्काहून निघून मध्ये कुठेही न उतरता ११ दिवसांत टास्मानिया गाठलं, १३,५६० किलोमीटर, पाठीवर ट्रान्समीटर होता म्हणून कळलं. तो मार्ग आपल्याकडचा नाही, पण त्याच जातीचे पक्षी जामनगरच्या चिखलात दिवाळीत चोच खुपसत फिरताना दिसतात. हे ऐकल्यावर आमच्या कन्येने लगेच विचारलं की मग मला क्लासला एकटं का जाऊ देत नाहीस. असो.

मुख्य मुद्दा भरतीचा. पाणवठ्यावरचे पक्षी बघणं आणि समुद्रावरचे बघणं यात फरक आहे. तलावावर तुम्ही सकाळी जा की संध्याकाळी, पक्षी साधारण तिथेच. कच्छच्या किंवा खंभातच्या आखातात ओहोटीला पाणी कुठच्या कुठे मागे जातं, नुसता चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्या चिखलातल्या अळ्या, किडे, खेकडे खायला पाण्याच्या कडेकडेने पार लांब पांगतात. तुम्ही दुर्बीण लावली तरी काळे ठिपके. मग भरती सुरू होते, चिखल इंच इंच बुडत जातो आणि पक्षी मागे मागे सरकत तुमच्या दिशेने यायला लागतात, तुम्ही फक्त गप्प बसून राहायचं. भरती पुरी झाली की सगळे मिठागरांच्या बांधांवर नाहीतर कोरड्या उंचवट्यावर एका पायावर दाटीवाटीने उभे राहतात. म्हणजे बघायची खरी वेळ भरती पुरी व्हायच्या आधीचे दीड-दोन तास. आणि प्रवाळ, ऑक्टोपस, तारामासे बघायचे तर बरोबर उलट, पूर्ण ओहोटी पाहिजे. दोन्ही एकाच दिवशी हवं असेल तर सकाळी ओहोटी आणि दुपारी भरती असा दिवस शोधावा लागतो.

असा दिवस कसा शोधायचा हे आम्हाला कुठल्या ॲपने शिकवलं नाही, आमच्या सासूबाईंनी शिकवलं. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं. कोकणात जुनी माणसं तिथीवरून भरती काढतात, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. सासूबाईंना पाऊणकी अजून तोंडपाठ आहे, शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत त्यांचं उत्तर तयार. भाऊबीज म्हणजे द्वितीया, बे पाऊण दीड, दुपारी दीडच्या सुमाराला भरती, म्हणजे ओहोटी त्याच्या सहाएक तास आधी, सकाळी साडेसात. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा झाली की मोजणी परत एकपासून. रोज पाऊण तास पुढे, कारण चंद्रच रोज तेवढा उशिरा उगवतो. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं, सप्तमी-अष्टमीला भांग, तेव्हा धड भरती नाही धड ओहोटी नाही. दिवाळी अमावस्येची, तेव्हा पाडवा-भाऊबीज-तृतीया हे दिवस म्हणजे ऐन उधाणाचे, सकाळी पूर्ण ओहोटी आणि दुपारी दणदणीत भरती. आपले सण कुणी पक्षी बघण्यासाठी ठरवले नसतील पण ठरवल्यासारखेच बसतात.

पण हा हिशोब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा. जामनगरकडे थोडाफार फरक पडतो, आणि खंभातच्या आखातात तर पाणी आत आत शिरायलाच वेळ लागतो, भावनगरकडे भरती काही तास मागे असते. तिथे पाऊणकी चालत नाही. सासूबाईंना हे पटायला जरा वेळ लागला, समुद्र एकच ना गं, मग तिथी वेगळी कशी, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तर छापील वेळ पाहिजे.

नणंदबाईंचं उदाहरण सांगते, त्यांची परवानगी घेऊनच लिहितेय. मागे एकदा ते लोक एका पॅकेज टूरने जामनगर बाजूला गेले, टूरवाल्याचं नाव नको. दिवाळी उलटून गेल्यावर, अष्टमीचा दिवस, आणि टूरच्या टाईमटेबलात 'समुद्रदर्शन व पक्षीनिरीक्षण, दुपारी १२ ते १' असं लिहिलेलं. आता अष्टमीला भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे दुपारी बारा वाजता पाणी बरोबर गेलेलं, तेही भांगाचं, वर ऊन. चिखल, लांबवर ठिपके, मुलं कंटाळली, भावोजी चिडले. घरी येऊन ते सगळ्यांना सांगत होते की तिकडे पक्षीबिक्षी काही नाही, सगळी पेपरवाल्यांची वर्णनं. गाडी संध्याकाळी साडेचारला नेली असती तर तेच ठिपके जवळ आले असते. पैसे पूर्ण घेतले, जेवणात बासुंदी पण दिली म्हणे, फक्त वेळ तेवढी चुकीची दिली. ओळखीत असले किस्से विचारले तर अजून निघतील.

आम्ही जातो ते जास्त करून जामनगरलाच. बडोद्याहून रात्रीची सौराष्ट्र मेल, झोपमोड होते पण सकाळी पोचतो. समुद्राच्या संरक्षणासाठीचं देशातलं पहिलं नॅशनल पार्क तिथेच, १९८२ सालचं, ४२ बेटं आहेत त्यात. पिरोटन बेटावर जायला बोट लागते आणि परवानगी वगैरे, पण वाडीनारजवळ नरारा आहे तिथे ओहोटीत चक्क चालत आत जाता येतं. वनखात्याची परवानगी, ठरलेला रस्ता आणि बरोबर गाईड. चपला घालून जाऊ नका, चिखल चपला ठेवून घेतो, मागच्या बाजूने बांधलेले रबरी बूट पाहिजेत, आणि पाय ठेवायचा तो वाळूवर, प्रवाळावर नाही. घोट्याइतक्या पाण्यात चालत राहायचं. आधी काहीच दिसत नाही, नुसते दगड आणि शेवाळ, मग डोळा बसला की एकेक दिसायला लागतं, समुद्रफुलं (नावाला फुलं, असतात प्राणी) बोटाच्या सावलीनेही मिटतात, एवढ्याएवढ्याशा काड्यांसारखे पाय असलेले तारामासे दगडाखाली सरकतात, समुद्रकाकडी पडलेली असते ती जिवंत आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला खरं वाटत नाही.

एकदा एका खळग्याशी गाईड थांबला आणि नुसतं बोट दाखवलं. आम्हाला दगड दिसत होता. मग त्या दगडाने श्वास घेतला. ऑक्टोपस! तपकिरी होता तो आमच्या देखत फिकट झाला, कडेने जरा खडबडीत झाला, परत तपकिरी. डोळ्यातली बाहुली आडवी, रेघ मारल्यासारखी. मुलगी कुजबुजली, "आई, तो आपल्याकडे बघतोय." सासूबाई काठावर खुर्ची टाकून बसलेल्या, त्यांना आत येता येत नाही, त्यांना ओरडून सांगितलं तर त्या तिथून म्हणाल्या, "बघू दे की त्याला, तुम्ही नाही बघत?"

आणि एक चीड येणारी गोष्ट पण तिथलीच. फुग्या मासा, पफर फिश, हातात धरून फुगवून दाखवतात, मुलं टाळ्या पिटतात, फोटो काढतात. तो मासा मजा म्हणून फुगत नाही, जिवाच्या भीतीने फुगतो. आमच्याबरोबरच्या एका गाईडने उचलला तर मुलीनेच त्याला गुजरातीत सांगितलं, "काका, मूकी दो ने," आणि त्याने बिचाऱ्याने लगेच सोडला पण. म्हणाला, बेन, लोकच मागतात, नाही दाखवलं तर तक्रार करतात. म्हणजे दोष कुणाला देणार.

तर अशी ओहोटी संपते, गाईड घड्याळ बघून परत फिरा म्हणतो, तेव्हा फिरायचं, अजून पाच मिनिटं नाही. काठावर येऊन थेपले-लोणचं खायचं आणि सावली बघून बसून राहायचं. पाणी यायला लागतं आणि त्याच्यापुढे पक्षी. आधी छोटे चिखल्या, पळत थांबत पळत थांबत. मग खाली वाकलेल्या लांबलचक चोचीचे कर्ल्यू. टर्नस्टोन दगड-शिंपले उलटे करून खालचं खात खात येतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, लांबूनच, डोकं उलटं करून पाणी गाळत, त्यांना घाई नसते. पण आम्ही वाट बघतो ती क्रॅब प्लोव्हरची, काळा-पांढरा, उंच पायांचा, जाड काळी चोच. हा पक्षी आखाती देशांच्या बाजूला वाळूत बीळ खणून त्यात अंडं घालतो, तेही बहुतेक एकच, आणि हिवाळ्यात इकडे कच्छच्या आखातात येतो. मघाशी म्हटलं तसं तुतवारांची पोरं एकटी येतात पण याचं पोर आईबापाबरोबर येतं आणि इथे येऊन पण खायला मागत राहतं! करड्या रंगाचं, अंगाने आईएवढंच झालेलं घोडं, मागे मागे चोच वासून ओरडत फिरतं. आईने खेकडा पकडला, आपटला, त्याच्या नांग्या-पाय झटकून झटकून मोकळे केले, आणि मग पोराने तो तिच्या चोचीतून अक्षरशः ओढून घेतला. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी मुलीकडे बघितलं, तिने हेडफोन लावले.

ज्यांना चारेकशे किलोमीटर जमत नाही त्यांच्यासाठी जवळचा समुद्र म्हणजे कावी-कंबोई, जंबुसरच्या पुढे, बडोद्याहून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत बुडतं आणि ओहोटीत उघडं पडतं, दिवसातून दोनदा, ते बघायला गर्दी असते. दर्शन करून लोक परत फिरतात आणि शेजारचा चिखल कुणी बघत नाही. त्या चिखलात निवट्या असतात, पाण्याबाहेर चिखलात उड्या मारणारे मासे, छातीजवळच्या परांच्या आधाराने चालतात, पाठीवरचा पर झेंड्यासारखा उभा करून एकमेकांवर धावून जातात. सासूबाई एकदम खूश, "अगो निवट्या! आमच्याकडे याचं कालवण करतात," म्हणून त्यांनी सगळी कृती सांगितली, मुलीने कान झाकून घेतले. पाणी चढायला लागलं की इथे पण तुतवार, सुरय (टर्न), कुरव (सीगल) काठाला येतात.

पण इथे वेळेचा प्रश्न नुसत्या मजेचा नाही. खंभातच्या आखातातली भरती देशातल्या सगळ्यात मोठ्या भरतींपैकी, काही ठिकाणी दहा मीटरच्या वर जाते, अलंगला एवढाली जहाजं या भरतीवरच काठाला चढवतात आणि पाणी उतरलं की तोडायला घेतात. सपाट चिखलात पाणी नेहमी समोरून येईल असं नाही, ते आधी बाजूच्या नाळांमधून, म्हणजे चिखलातल्या चरांमधून, शिरतं आणि तुम्ही पुढे बघत असता तेव्हा मागची वाट भरलेली असते. चिखलात पाय घोट्याच्या वर रुततो, पळता येत नाही. बाहेरगावच्या माणसाला हे सांगणारं कोण? देवळापाशी विचारलं तर सांगतात, पण विचारायचं असतं हे आधी ठाऊक पाहिजे ना.

भावनगरचं वेगळं पत्र लिहावं लागेल, गावातल्या झाडांवर चित्रबलाकांची घरटी, बाहेर मिठागरं, वेळावदरला संध्याकाळी गवतात शेकड्यांनी उतरणारे हॅरिअर नावाचे शिकारी पक्षी. ते असो. आणि ज्यांना समुद्र नकोच त्यांनी डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जावं, तो संस्थानच्या वेळचा, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. जामनगरजवळचं खिजडिया २०२२ मध्ये आलं, तिथे एका बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी आणि दुसऱ्या बाजूला खारं, लहान मुलांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना सगळ्यात सोयीचं. या ठिकाणी भरतीचं गणित करायची फारशी गरज नाही.

आता गाठियांबद्दल बोललं नाही तर मला झोप लागणार नाही. जामनगरच्या लाखोटा तळ्यावर, बेट द्वारकेच्या फेरीबोटीवर, सगळीकडे कुरवांना गाठिया टाकतात, पाकिटं विकायलाच बसलेले असतात लोक. पक्षी हातातून घेतात, व्हिडिओ मस्त येतो, मान्य. पण बेसन, तेल, मीठ आणि सोडा हे मासे-खेकडे खाणाऱ्या पक्ष्याचं खाणं आहे का? त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून एवढा हिमालय ओलांडून आलेले असतात, आणि आपण त्यांना फरसाण चारतो. पुण्य लागतं म्हणे. अहो आपल्या डॉक्टरने आपल्याला बंद केलंय ते दुसऱ्याला खायला घालून कसलं पुण्य. गाठिया स्वतः खावा, मिरची-पपईच्या संभाऱ्याबरोबर, पक्षी नुसते बघावे. (आणि हो, हिवाळ्यात या कुरवांचं डोकं तपकिरी नसतंच, पांढरं असतं, कानामागे फक्त एक डाग उरतो. पुस्तकातलं चित्र घेऊन तपकिरी डोकं शोधत बसू नका.) रोहितांच्या थव्यावर ड्रोन सोडणारे आणि थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवत धावणारे यांच्याबद्दल तुमच्या पेपरात छापण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तर मागणी. पावसाळ्यात मुंबईच्या भरतीचे आकडे तुम्ही छापता, साडेचार मीटरच्या वर गेली की हेडलाईन करता. म्हणजे आकडे मिळवायची सोय तुमच्याकडे आहेच. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी बंदरांच्या भरती-ओहोटीची कोष्टकं काढतं, हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडेही अंदाज मिळतात. फक्त नवरात्र ते देवदिवाळीपर्यंत, पंचांगाच्या शेजारी एक छोटी चौकट करा, मुंबई, रत्नागिरी, वेरावळ, ओखा, कांडला, भावनगर, एवढी बंदरं, प्रत्येकाच्या पुढे भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाणी किती मीटर. मीटरचा आकडा महत्त्वाचा, वेळ एकच असली तरी उधाणाला आणि भांगाला किनारा वेगळाच दिसतो. कोकणातल्या वाचकांना पण उपयोग होईल, दापोली-गुहागरला पण याच दिवसात कुरव आणि चिखल्या आलेले असतात आणि पुण्याहून जाणारे लोक दुपारी जेवून झोपून पाच वाजता समुद्रावर जातात, मग जे पाणी असेल ते.

कुणी म्हणेल फोनवर सगळं मिळतं की. मिळतं, पण जो शोधतो त्याला, आणि शोधायचं असतं हेच ज्याला माहीत नाही तो काय शोधणार. शिवाय माझ्या फोनवरचं ॲप मला कंबोईला उभी असताना मुंबईची भरती दाखवत होतं, आणि किनाऱ्यावर नेटवर्कची बोंब असते ती वेगळीच. सासूबाई सकाळी टॅबवर तुमचं पंचांग पहिल्यांदा उघडतात, तिथी, नक्षत्र, राहुकाळ सगळं वाचून दाखवतात. तिथे ओखा आणि भावनगर दिसलं की ट्रिपची तारीख त्याच ठरवून टाकतील, आम्ही फक्त तिकिटं काढायची. टूरवाले पण तुमचाच पेपर वाचतात, निदान दुपारी बाराचं समुद्रदर्शन तरी बंद होईल.

जागेचा प्रश्न असेल तर राशिभविष्य थोडं आखडतं घ्या. माझी रास कन्या आहे, ती काढून टाकलीत तरी माझी तक्रार नाही, तशीही रोज 'प्रवासाचे योग' एवढंच येतं.

आपली नियमित वाचक,
कारेलीबाग, बडोदे